बिअरला डेटॉलचा वास का येतोय? घरच्या बिअरमधले बिघाड शोधायचे कसे

माझी पहिली बिअर डेटॉलसारखी लागत होती. दुसरी नेलपॉलिश रिमूव्हरसारखी. पहिलीचा घोट घेऊन नवऱ्याने विचारलं होतं, "हे प्यायचंय की जखमेला लावायचंय?" आणि तेव्हा मला इतका राग आलेला की मी तो ग्लास त्याच्यासमोर हट्टाने पूर्ण प्यायले. आता आठ वर्षं झाली, गॅरेजमध्ये दर महिन्या-दीड महिन्याला २० लिटरची एक बॅच होते, आणि बिघडायची अजूनही बिघडते, पण आता का बिघडली ते बहुतेक वेळा सापडतं. ते कसं शोधायचं तेच इथे लिहितेय.

आधी एक सांगून टाकते. मी इंग्लंडमध्ये राहते, इथे १९६३ पासून घरी बिअर करायला परवाना लागत नाही, फक्त ती विकायची नाही. महाराष्ट्रात तसं नाहीये, तिकडे परवान्याशिवाय दारू बनवणं १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे, त्यामुळे पुण्या-मुंबईच्या वाचकांनी हे करून बघायला नको. पण तिथल्या पबमध्ये क्राफ्ट बिअर पीत असाल तर वास ओळखायचा भाग तुमच्याही कामाचा आहे, नळाची लाईन नीट धुतली नसेल तर ग्लासात लगेच कळतं.

वास घ्यायचा कसा

लोक फर्मेंटरमधून (बिअर आंबवायच्या बादलीतून) गढूळ सँपल काढतात, एक घोट घेतात आणि "गेली वाया" म्हणून मोकळे होतात. तसं करू नका. त्या सँपलमध्ये यीस्ट तरंगत असतं, गॅस नसतो, चव धड लागतच नाही. बाटलीतली बिअर असेल तर फ्रीजमधून काढून थोडा वेळ बाहेर ठेवा, साधारण १०-१२ डिग्रीला येऊ दे, बर्फगार बिअरमध्ये अर्धे दोष लपतात (बाजारातल्या स्वस्त लागर, म्हणजे थंडाव्यात आंबवलेल्या बिअर, "थंडगार प्या" म्हणून उगाच सांगत नाहीत). ग्लास साबणाचा अंश नसलेला हवा. निम्मा भरायचा, वर हात झाकून गोल फिरवायचा आणि हात काढून लगेच दोन-तीन छोटे छोटे श्वास. पहिल्या श्वासात जे आठवेल ते लिहून ठेवा, मग भलेही ते "आजीच्या ट्रंकेतला वास" असो. शास्त्रीय नाव नंतर शोधता येतं, पहिली आठवण परत येत नाही.

मग दुसऱ्या कोणालातरी द्या, काहीही न सांगता. "तुला लोण्यासारखी वाटतेय का" असं विचारलंत की समोरच्याला लोणी लागणारच.

खात्री नसेल तर तीन ग्लास घ्या, दोनांत एकच बिअर आणि तिसऱ्यात तशाच प्रकारची विकतची, कुठल्यात काय ते दुसऱ्या कोणीतरी भरावं. वेगळा ग्लास ओळखता आला नाही तर बहुधा बिअर ठीक आहे आणि तुम्ही उगाच धास्तावलाय. माझं असं दोनदा झालंय.

वासाच्या आधी तीन प्रश्न

तक्ते सगळीकडे मिळतात, अमुक वास म्हणजे तमुक रसायन. पण एकाच वासाची दोन-तीन कारणं असू शकतात आणि तक्ता तिथे हात वर करतो. म्हणून मी आधी हे विचारते: वास कधी आला? सगळ्या बाटल्यांत आहे की एखाद्याच? आणि दिवसागणिक वाढतोय की कमी होतोय?

एकाच बाटलीत असेल तर ती बाटली घाण होती, संपला विषय. सगळ्यांत असेल तर गडबड बॉटलिंगला किंवा त्याच्या आधी झाली. बाटलीत भरताना बिअर छान होती आणि महिन्याभराने बिघडली तर संशयित बहुतेक वेळा तीनच, हवा, जंतू आणि उजेड. पहिल्या आठवड्यातच वास होता तर पाणी, उकळी नाहीतर तापमान बघा. कमी होत जाणारा वास (सडकं अंडं, हिरवं सफरचंद, बरेचदा लोणीसुद्धा) म्हणजे यीस्टचं काम अजून चाललंय, तुम्ही फक्त थांबायचंय. आणि वाढत जाणारा वास म्हणजे जवळपास नेहमीच वाईट बातमी.

डेटॉल, बँडेड, दवाखाना

हा माझा पहिला गुरू. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, काही ठिकाणी क्लोरामाइन. ते माल्टमधल्या (मोड आणून वाळवलेल्या धान्यातल्या) आणि यीस्टने बनवलेल्या फिनॉल्सना भेटलं की क्लोरोफिनॉल तयार होतं, आणि हे इतकं जहाल असतं की अब्जात काही भाग असले तरी नाकाला कळतं. मला वाटायचं पाणी तासभर उकळलं की सगळं उडून जात असेल, क्लोरीन जातंही, पण क्लोरामाइन चिवट आहे, सहजासहजी जात नाही. शिवाय किटवाली (तयार माल्ट अर्काच्या डब्यातली) बिअर करताना आपण शेवटी वरून जे थंड पाणी ओततो ते कुठे उकळलेलं असतं?

उपाय एकदम स्वस्त आहे. कॅम्पडेन गोळी मिळते, म्हणजे मेटाबायसल्फाइट. २५ लिटर पाण्याला अर्धी गोळी पुरते, कुटून टाकायची, ढवळायचं, पाच-दहा मिनिटांत काम झालं. मॅशचं (माल्ट गरम पाण्यात भिजवायचं), मग ते धान्य धुवायचं, वरून ओतायचं, सगळंच पाणी असं करून घ्या. दम्याचा त्रास असेल तर कुटताना नाक लांब ठेवा. आणि ब्लीचने बादली धूत असाल तर ते आजपासून बंद, प्लॅस्टिकमध्ये अंश राहतो आणि तुम्ही दोन महिने पाण्याला दोष देत बसता.

दवाखाना नाही, लवंग लागतेय? मग गोष्ट वेगळी. जर्मन गव्हाच्या बिअरचं यीस्ट लवंग आणि केळं दोन्ही देतं, तिथे तेच हवं असतं. पण साध्या पेल एलमध्ये (एल म्हणजे लागरपेक्षा उबेत आंबवलेली बिअर) लवंग आली, बिअर पातळ लागायला लागली आणि बाटल्यांत गॅस वाढतच चाललाय, तर कुठलंतरी जंगली यीस्ट शिरलंय. त्या बाटल्या ताबडतोब फ्रीजमध्ये टाका, बाटली फुटली तर काचा उडतात, तिथे चेष्टा नको. उघडताना वर जाड टॉवेल धरायचा.

नेलपॉलिश, थिनर आणि इडलीचं पीठ

आपल्या घरात आंबवणं म्हणजे काय? इडलीचं पीठ. आणि पीठ फुगायला काय लागतं? ऊब. आई थंडीत पातेलं गोधडीत गुंडाळून ठेवायची. मी इथे दुसऱ्या बॅचला तेच केलं, गरम पाण्याच्या टाकीचं जे कपाट असतं त्यात फर्मेंटर ठेवला वर चादर गुंडाळून, आणि सकाळी तो असा काही उसळत होता की मला वाटलं वा, काय जमलंय! जमलं होतं थिनर.

पिठात आपल्याला आंबटपणा आणि जाळी हवी असते, बिअरच्या यीस्टकडून मात्र नीटनेटकं काम हवं असतं, आणि गरमीत ते घाईघाईने काहीबाही करून ठेवतं. इथाइल अ‍ॅसिटेट म्हणजे नेलपॉलिश, आणि फ्यूजेल अल्कोहोल म्हणजे घशात जळजळ. बहुतेक एल यीस्टना १८ ते २० डिग्री बरं पडतं. ही खोलीची डिग्री नाही बरं का, आतल्या बिअरची. फर्मेंटेशन स्वतःच उष्णता काढतं, जोरात चालू असताना आतली बिअर खोलीपेक्षा तीन-पाच डिग्रीने सहज गरम असते. म्हणून थर्मामीटर भिंतीला नाही, फर्मेंटरच्या अंगाला चिकटवा आणि त्यावर बबल रॅपचा तुकडा लावून वरून टेप मारा.

पहिले तीन दिवस सांभाळलेत की निम्मं काम झालं, चवीचा बराचसा फैसला तिथेच होतो. थंड कसं ठेवायचं? जुना फ्रीज आणि तो ठरावीक तापमानाला चालू-बंद करणारा कंट्रोलर मिळतो तो सगळ्यात उत्तम. नसेल तर माठाची युक्ती: फर्मेंटर मोठ्या टबात ठेवायचा, टबात पाणी, फर्मेंटरला जुना ओला टी-शर्ट घालायचा त्याचं टोक पाण्यात बुडेल असा, आणि समोर पंखा. चार-पाच डिग्री आरामात उतरतात, हवा दमट असेल तर कमी. जास्तच गरम असेल तर टबात बर्फाच्या बाटल्या सोडायच्या सकाळ-संध्याकाळ. उन्हाळ्यात मी हल्ली सरळ क्वाइक वापरते, नॉर्वेतल्या शेतघरांमधलं पारंपरिक यीस्ट आहे, ३५ डिग्रीलासुद्धा स्वच्छ काम करतं. गोधडीवालं यीस्ट म्हणायचं तर ते हेच.

झालेली बिअर यातून सुधारते का? केळ्या-पेरूसारखा फळांचा वास असेल तर थोडा बसतो. थिनर बसत नाही.

लोणी, पॉपकॉर्न

याचं नाव डायअ‍ॅसिटाइल. मला या दोषाचं सगळ्यात जास्त प्रेम आहे कारण तो पकडायची घरगुती टेस्ट आहे. यीस्ट वाढताना एक पूर्वपदार्थ बाहेर टाकतं, त्याला स्वतःला काही वास नसतो, पण बिअरमध्ये तो हळूहळू बदलून डायअ‍ॅसिटाइल होतो, आणि मग यीस्टच ते परत खाऊन टाकतं. म्हणजे यीस्टला पुरेसा वेळ आणि ऊब दिलीत तर तेच आपला पसारा आवरतं. तुम्ही मध्येच थंड केलंत नाहीतर घाईने बाटल्या भरल्यात की पसारा तसाच, आणि वाईट म्हणजे भरताना वास नसतो, तीन आठवड्यांनी येतो.

टेस्ट अशी. ग्रॅव्हिटी (हायड्रोमीटरने मोजतात ती बिअरची घनता) स्थिर वाटली की दोन काचेच्या बरण्यांत थोडी थोडी बिअर घ्या. एक झाकून ६०-७० डिग्रीच्या गरम पाण्यात अर्धा तास ठेवा, दुसरी तशीच झाकून बाजूला. मग दोन्ही एकाच तापमानाला आणून हुंगा. दोन्हींत काही नाही, तर भरा बाटल्या. गरम केलेलीत लोणी आणि साधीत नाही, तर पूर्वपदार्थ अजून शिल्लक आहे, दोन-तीन दिवस थांबून परत टेस्ट. दोन्हींत लोणी असेल तर फर्मेंटर उबदार जागी न्या. लागर करत असाल तर शेवटी शेवटी, साखर थोडी शिल्लक असतानाच, तापमान १६-१८ पर्यंत वाढवून दोन-तीन दिवस तसंच ठेवायचं, मग थंड करायचं.

ड्राय हॉपिंगवाल्यांनी (वासासाठी आंबत्या बिअरमध्ये हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा देणारी फुलं, टाकणाऱ्यांनी) अजून एक लक्षात ठेवा, हॉप्समधले एन्झाइम्स उरलेल्या पिठाळ साखरा तोडतात, फर्मेंटेशन परत थोडं सुरू होतं आणि लोणी परत येतं. म्हणून टेस्ट हॉप्स टाकल्यावर परत करायची. बाटलीत गेलेल्या बिअरला लोणी असेल तर २० डिग्रीला दोन आठवडे ठेवून बघा, तळाच्या यीस्टमध्ये जीव असेल तर कमी होतं. लोणी आणि सोबत आंबटपणा वाढतोय तर मात्र ते पेडिओकॉकस नावाचे जंतू आहेत.

हिरवं सफरचंद, कच्चा लाल भोपळा

अ‍ॅसिटाल्डिहाइड. भोपळा चिरतानाचा तो ओलसर कच्चा वास, बरोब्बर तो. साखरेपासून अल्कोहोल होताना हा मधला टप्पा आहे, म्हणजे बिअर कच्ची आहे. एअरलॉकचे (फर्मेंटरमधला गॅस बाहेर सोडणाऱ्या झडपेचे) बुडबुडे थांबले म्हणजे झालं, हा गैरसमज काढून टाका, झाकण थोडं गळत असलं तरी बुडबुडे थांबतात. हायड्रोमीटरचं रीडिंग तीन दिवस एकच आलं तर झालं. त्यानंतरही मी चार-पाच दिवस हात लावत नाही. यीस्ट कमी पडलं किंवा जुनं पाकीट होतं तरी असं होतं, २० लिटर साध्या एलला ११ ग्रॅमचं एक ताजं पाकीट, लागरला दोन.

शिजलेलं मक्याचं कणीस

हे डीएमएस (डायमिथाइल सल्फाइड), पिल्सनर म्हणजे फिकट लागरच्या माल्टमध्ये याचा कच्चा माल जास्त असतो. उकळताना ते बनतं आणि वाफेबरोबर उडूनही जातं, फक्त भांड्यावर झाकण नको. गॅस वाचवायला झाकण ठेवलंत की सगळं परत आत. साध्या माल्टला ६० मिनिटं, पिल्सनरला ९० मिनिटं खळखळून उकळा, आणि नंतर लवकर थंड करा, कारण गरम वॉर्टमध्ये (आंबायच्या आधीच्या गोड माल्टच्या पाण्यात) ते बनत राहतं पण उडून जात नाही.

ओला पुठ्ठा

पावसाळ्यात भिजलेलं खोकं, जुनी वही. ऑक्सिडेशन. गंमत अशी की यीस्ट टाकायच्या वेळी वॉर्टमध्ये हवा हवीच असते, पण फर्मेंटेशन सुरू झालं की त्यानंतर हवा म्हणजे शत्रू. एका फर्मेंटरमधून दुसऱ्यात, मग तिसऱ्यात ओतत बसायची जुनी पद्धत सोडून द्या, साध्या एलला गरज नसते. बाटली भरताना नळी किंवा बॉटलिंग वाँड (बाटल्या भरायची कडक नळी) पार तळाला टेकवायची, खळखळ आवाज यायला नको. आणि तयार बाटल्या माळ्यावर नाही, थंड जागी, गरमीत हेच सगळं कितीतरी लवकर होतं. हॉप्स भरपूर असलेली गढूळ आयपीए (इंडिया पेल एल) तर दोन आठवड्यांत तपकिरी-जांभळट पडते, तो रंग दिसला की चव घ्यायचीही गरज नाही.

उजेडाचं थोडक्यात: हॉप्सचे कडू पदार्थ आणि उजेड मिळून गंधकाचा असा एक वास बनतो की जवळून स्कंक (घाण वास सोडणारा प्राणी) गेल्यासारखं वाटतं. उन्हात काही मिनिटं पुरतात. तपकिरी बाटली बरंच वाचवते, हिरवी आणि पारदर्शक नाही.

आंबट

इथे माझी कबुली. लागोपाठ तीन बॅच आंबट झाल्या. बादली बदलली, नळ्या बदलल्या, सॅनिटायझर बदललं, आमच्या शेजारचे आजोबा (सत्तरी पार, पाउंडात दशमान येण्याआधीपासून बिअर करतायत) एक दिवस आले आणि म्हणाले, नळ उघडला का? म्हटलं उघडते की रोज. म्हणाले, तसा नाही. बादलीचा प्लॅस्टिकचा नळ काढला, पाच मिनिटं गरम पाण्यात टाकला आणि आतला दांडा अंगठ्याने ढकलून बाहेर काढला. आत तपकिरी बुळबुळीत थर. तीन बॅच, साठ लिटर, त्या बोटभर थराने खाल्ल्या.

तर नळ दर बॅचला खोलायचा. आधी धुणं, मग सॅनिटायझर, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, घाणीवर सॅनिटायझर मारून काही होत नाही. मी स्टार सॅन वापरते, लिटरला दीड मिली, दोन मिनिटं ओलं राहू द्यायचं, धुवायचं नाही, फेस राहिला तरी चालतो. प्लॅस्टिक घासायला तारेची घासणी नको, चरे पडले की जंतूंना घर मिळतं. आंबट झालेल्या बॅचच्या नळ्या सरळ फेका, दोन पाउंडाच्या असतात.

बरं, अशी बिअर प्यायल्याने आजारी पडतो का? सहसा नाही, आम्लता, अल्कोहोल आणि हॉप्समध्ये रोगाचे जंतू तग धरत नाहीत. पण वर केसाळ रंगीत बुरशी दिसली तर चाखू पण नका.

तुरट

आपल्याला हे शिकवायला लागत नाही, सुपारी, कच्चं केळं, आवळा. इंग्लिश लोक कडू आणि तुरट यात नेहमी घोळ घालतात. कडू जिभेवर लागतं, तुरटाने तोंड आतून सुकतं. ते आलं तर धान्याची टरफलं जास्त उकळली किंवा जास्त धुतली. धुवायचं पाणी ७७ डिग्रीच्या वर नको, आणि आमच्यासारखं जड पाणी असेल तर पीएच वर सरकतो, ६ च्या खाली ठेवायचा, थोडं लॅक्टिक अ‍ॅसिड लागतं. पिशवीत मॅश करणाऱ्यांनो, पिशवी पिळली म्हणून तुरट होत नाही, मी वर्षभर घाबरत होते, आता चक्क्यासारखी पिळते.

उरलेले पटापट. सडकं अंडं: लागर यीस्टचं नेहमीचंच, थांबा, जातं. जुन्या चीजचा किंवा घामट मोज्यांचा वास: हॉप्स शिळे, पाकीट उघडून बाहेर राहिलेलं, फ्रीझरमध्ये हवाबंद ठेवत जा. रक्तासारखी, लोखंडाची चव: गंजलेलं भांडं किंवा खरवडलेला स्क्रू. मार्माइटचा (पावाला लावायच्या खारट यीस्ट अर्काचा) वास: यीस्टवर महिनोन्महिने बसलेली बिअर.

नाक तयार करायला

पाच कॅन सगळ्यात बेचव लागरचे आणा. एकात डब्यातल्या मक्याचं पाणी चमचाभर, एकात बटर इसेन्सचा अगदी छोटा थेंब, एकात गार कडक चहा, एकात दोन थेंब व्हिनेगर, एक तसाच. सोबत हिरव्या बाटलीतली कुठलीही लागर अर्धा तास उन्हात. चार मित्र बोलवा. एक मजा कळेल, प्रत्येकाचं नाक एखाद्या वासाला आंधळं असतं. माझ्या नवऱ्याला लोणी अजिबात कळत नाही, त्यामुळे त्याचं "मस्त झालीये" त्या बाबतीत धरायचं नाही.

आणि वही ठेवा. तारीख, तापमान सकाळ-संध्याकाळ, यीस्टची एक्सपायरी, कुठलं पाणी. दोष सापडला की पुढच्या बॅचला एकच गोष्ट बदलायची, तीच रेसिपी, बाकी सगळं तसंच. मी त्या आंबट बॅचच्या वेळी सगळं एकदम बदलत होते म्हणून साठ लिटर गेले.

बिघडलेल्या बिअरचं काय करायचं? किंचित आंबट किंवा लोण्यासारखी असेल तर कांदाभजीच्या पिठात पाण्याऐवजी घाला, गॅसमुळे छान खुसखुशीत होतात. डेटॉलवाली मात्र मोरीतच ओता. भज्यांतही डेटॉलच लागतं, करून बघितलंय.